हीट नंबर

वडील भोसरीच्या एमआयडीसीत, एका फोर्जिंग शॉपच्या इनवर्डला होते. ट्रकमधून बार उतरले की चलान नंतर. आधी बारच्या टोकावर ठोकलेला हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवायचा. भट्टीतल्या एका घाण्याचा तो नंबर. बार कापला की उरलेल्या तुकड्यावर तोच पुन्हा ठोकायचा. कुणी विसरलं, की पोलाद तेच राहायचं, पण ते कुठलं हे सांगणारं कुणी उरायचं नाही.

मी चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर तपासते. माझ्याकडचा माल म्हणजे फायली, आणि फाईलच्या नावावर माझा विश्वास नाही. नाव कुणीही बदलतं. म्हणून मी हॅश काढते. फाईल केवढीही असो, एसएचए-२५६ लावलं की हाती ६४ अक्षरं येतात. आतला एक बिट हलला तरी सगळा आकडा पालटतो. बारवर नंबर ठोकावा लागतो; इथे तो मालातूनच उमटतो. मला याचं अजून नवल वाटतं.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं भगदाड उघड झालं. ती कुठे कुठे आहे, हे तातडीनं शोधायचं होतं. मेव्हन सेंट्रल या जावा लायब्रऱ्यांच्या भांडारात प्रत्येक आवृत्तीच्या फाईलशेजारी तिचा एसएचए-१ ठेवलेला असतो. दोषी आवृत्त्यांचे हॅश उतरवून घेतले आणि आमच्या सर्व्हरवरच्या सगळ्या जार फायली त्यांच्याशी ताडल्या. एका पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरपुढे मी 'नाही' लिहिलं.

चुकीचं लिहिलं. त्यांनी लॉगफोरजे सुटी करून स्वतःच्या मोठ्या जारमध्ये मिसळली होती. त्या मोठ्या जारचा हॅश कुठल्याच यादीत असणार नव्हता. दोन दिवसांनी ती उघडून आतल्या एकेका क्लास फाईलचा हॅश काढला, तेव्हा भगदाड असलेला क्लास, जेएनडीआयलुकअप, सापडला. जार म्हणजे झिपच; तीच आवृत्ती नुसती पुन्हा बांधली, तरी झिपमधल्या तारखांमुळे हॅश वेगळा येऊ शकतो. जुळला तर फाईल तीच. जुळला नाही तर ती माझ्या यादीत नाही, इतकंच. मी त्याला 'नाही' समजले होते.

नंबर न जुळलेला माल वडील लगेच परत धाडत नसत आणि शॉपमध्येही घेत नसत. टॅग लावून होल्डवर ठेवत, तुकडा लॅबला पाठवत. माझ्या तक्त्यात तेव्हा 'आहे' आणि 'नाही' हे दोनच रकाने होते. आता तिसरा आहे, होल्ड. आज त्यात १९ फायली आहेत. पहिली उघडायला घेतली आहे.