तक्रार कधी यावी?

पगाराची फाइल प्रत्येक बँकेला आपापल्या साच्यात हवी असते. म्हणून मी बेस क्लासमध्ये सगळ्यांचं सामाईक काम लिहिते आणि 'ओळ बनव' ही एक मेथड रिकामी सोडते. ज्याच्या वाट्याला जी बँक येईल, त्याने ती आपल्या सबक्लासमध्ये भरायची. तो विसरला, तर ते कळणार कधी?

स्मॉलटॉकची जुनी रीत अशी, की मेथड कॉल झाली तरच बोंब. पायथनमध्ये नॉटइम्प्लिमेंटेडएरर टाकून मोकळे होणारे याच घराण्यातले. मला ही रीत पटत नाही. पगाराची फाइल महिनाअखेरीलाच बनते, तोवर चूक निवांत झोपलेली. (रुबीत तर त्याच नावाचा एरर स्टँडर्डएररच्या वंशातला नाही, म्हणून साध्या रेस्क्यूच्या हातीही लागत नाही!)

जावा आणि सी प्लस प्लसचे कंपायलर दुसऱ्या टोकाचे. मेथड भरायची राहिली असेल तर ते ऑब्जेक्ट बनवणारी ओळ कंपाइलच होऊ देत नाहीत.

पायथनने पेप 3119 मधून 2008 साली मधली वाट काढली. सबक्लास लिहिताना गप्प, पण ऑब्जेक्ट बनवायला गेलात की टाइपएरर. एबीसीमेटा हा मेटाक्लास मात्र हवाच, नाहीतर ॲबस्ट्रॅक्टमेथड हा डेकोरेटर नुसती शोभा. शिवाय पायथन तपासतो ते फक्त नाव. त्या नावापुढे 'नन' लिहून ठेवलं तरी तो खूश: हजेरीपटावर सही आहे, वर्गात कुणी नाही. आर्ग्युमेंट्स जुळतात का, तेही बघत नाही. आणि क्लास 'रजिस्टर' करून जोडला, तर नावसुद्धा विचारत नाही.

त्यामुळे बेस क्लाससोबत मी टेस्टचा एक सामाईक संच देते. प्रत्येक नव्या सबक्लासने त्यातून जायचं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळता कामा नयेत, फाइलमधली बेरीज पगारपत्रकाशी जुळली पाहिजे, एकही कर्मचारी नसेल तरी प्रोग्राम कोसळू नये. यातलं काहीही कुठलाच कंपायलर सांगू शकत नाही.

सक्तीचा अतिरेकही वाईट. डझनभर ॲबस्ट्रॅक्ट मेथड लादल्या, की लोक एरर गप्प करायला प्रत्येकीत 'पास' लिहून पुढे जातात, आणि मग तक्रार करणारं कुणीच उरत नाही. असा कोड रिव्ह्यूला आला की मी आधी बेस क्लास उघडते. तो स्वतः यातल्या कुठल्या मेथड कॉल करतो? ज्या करत नाही, त्यांच्यावरची सक्ती काढायला लावते.