नव्वदाव्या दिवसाचे ठोकळे

स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपताच आम्ही दोघे वर्गमित्र आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी काँक्रीटच्या संशोधन-प्रयोगशाळेत दाखल झालो. हाती आले ते घमेले, थापी आणि 16 मिलिमीटर जाडीची सळई!

डहाणूसारख्या औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळून उरणारी बारीक राख, म्हणजे फ्लाय ॲश, काही सिमेंटाच्या जागी मिसळून आम्ही 150 मिलिमीटरचे ठोकळे पाडत असू. तीन थर, प्रत्येक थरास 35 ठोके. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढलेला सुमारे आठ किलोंचा ठोकळा पाण्याच्या टाकीत विसावे. सातव्या दिवशी यंत्राखाली राखेचे ठोकळे साध्या काँक्रीटपेक्षा दुबळे ठरले. आम्ही हिरमुसलो.

सर म्हणाले, "राखेला घाई चालत नाही." सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून चुना सुटतो, त्याच्याशी राख सावकाश संयोग पावते आणि काँक्रीटचे बळ वाढत जाते. 28 व्या दिवशी अंतर बरेच घटले. खरी कसोटी 90 व्या दिवशी होती. आमची मुदत मात्र 56 दिवसांचीच.

निरोप घेताना उरलेल्या ठोकळ्यांवरील तारखा आम्ही पुन्हा ठळक केल्या आणि नोंदवही पुढील विद्यार्थ्याच्या स्वाधीन केली. घरची मंडळी विचारतात, "काय शोध लावलात?" शेवटचा आकडा तर दुसराच कोणी लिहिणार. त्याला आमची नावेही ठाऊक नसतील. परंतु प्रत्येक थरास 35 ठोके खरोखरच पडले होते, एवढा विश्वास त्याला आमच्या वहीवर ठेवता यावा.