आर्नोकाठचे दोन दिवस

युरोपातील विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांच्या आयुष्यात शनिवार-रविवारच्या सहलींना मोठे स्थान असते. पाच दिवस व्याख्याने, प्रकल्प, स्वयंपाक आणि कपडे धुणे यांत जातात. उरलेल्या दोन दिवसांत जवळचे एखादे जुने शहर पाहून यायचे, असा बेत वर्गातच ठरतो. मिलानमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या बारा विद्यार्थ्यांच्या एका गटाने नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी फ्लॉरेन्स पाहण्याचे ठरवले. गटात दोन इटालियन, काही युरोपातील व दक्षिण अमेरिकेतील मुले आणि पाच भारतीय होते. या पाचांत तिघे मराठी होते. त्यांत कोल्हापूरची एक मुलगी, सांगलीचा एक वाणिज्य पदवीधर आणि कंदमुळे न खाणारी पुण्याची एक मुलगी. सर्वांनी सारखी वर्गणी काढली आणि खजिनदारी अर्थातच सांगलीकराकडे आली.

शुक्रवारी संध्याकाळी मिलानहून निघालेली वेगवान गाडी सुमारे दोन तासांत सांता मारिया नोवेल्ला या स्थानकावर पोहोचते. स्थानकापासून जुन्या शहराचा गाभा पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. वाहनाचा खर्च जवळजवळ नाही, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या शहराची पहिली थोरवी.

शनिवारी सकाळी मंडळी मुख्य कॅथेड्रलच्या घुमटावर चढली. वेळ आधी राखून ठेवावी लागते. 463 पायऱ्या आहेत आणि उद्वाहक नाही. या कॅथेड्रलचे बांधकाम 1296 मध्ये सुरू झाले. भिंती उभ्या राहिल्या, तरी मधल्या अष्टकोनावर घुमट कसा उभारायचा हे कोणालाच उमगत नव्हते. अंतर सुमारे 45 मीटर. एवढ्या उंचीवर खालून आधार देणारा लाकडी साचा उभारायचा, तर तेवढे लाकूड आणायचे कोठून, हा प्रश्न होता. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या सोनारकाम शिकलेल्या कारागिराने साचा न वापरता घुमट बांधून दाखवला. एकात एक असे दोन घुमट, आणि प्रत्येक थर आपल्या खालच्या थराला अडकून राहील अशी विटांची तिरपी वीण, ही त्याची युक्ती. 1420 मध्ये सुरू झालेले हे काम 1436 मध्ये पूर्णत्वास आले. घुमटावर चढणारा जिना या दोन घुमटांमधील पोकळीतूनच जातो, त्यामुळे ती वीण चढताना हाताच्या अंतरावर दिसते. गटातील स्थापत्याचे विद्यार्थी तेथे इतके रेंगाळले, की मागून येणाऱ्यांना थांबावे लागले.

फ्लॉरेन्सला कलेचे शहर म्हणतात ते खरेच आहे. पण ही कला ज्या पैशावर उभी राहिली तो पैसा कोठून आला, हा प्रश्न वाणिज्य शिकलेल्या सांगलीकराला पडला नसता तरच नवल. 1252 मध्ये या शहराने सोन्याचे नाणे पाडले. त्याचे नाव फ्लोरिन आणि वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. एका बाजूस शहराचे चिन्ह असलेले लिलीचे फूल, दुसऱ्या बाजूस संत जॉन. शतके लोटली तरी या नाण्याचे वजन आणि कस फ्लॉरेन्सने ढळू दिला नाही. म्हणून युरोपभरचे व्यापारी ते बिनधास्त स्वीकारीत. सराफ बाकावर बसून व्यवहार करीत. त्या बाकाला इटालियन भाषेत ‘बांको’ म्हणत आणि ‘बँक’ हा शब्द त्यातूनच आला.

मात्र या शहराने बँका बुडतानाही पाहिल्या. बार्दी आणि पेरुझ्झी या दोन बलाढ्य पेढ्यांनी इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला प्रचंड कर्ज दिले. राजाने ते फेडले नाही आणि 1340 च्या दशकात दोन्ही पेढ्या कोसळल्या. पुढे 1397 मध्ये जिओव्हान्नी दि बिच्ची दे मेदिची याने स्थापन केलेली बँक रोम, व्हेनिस, ब्रुज, लंडन अशा शाखांनी वाढली. तिच्या नफ्यातून चित्रकार, शिल्पकार आणि ग्रंथालये पोसली गेली. तरीही 1494 पर्यंत तीही संपली. कारण पुन्हा तेच होते. दूरच्या शाखांवर सैल देखरेख आणि राजेरजवाड्यांना तारणाकडे न पाहता दिलेली कर्जे. मेदिची घराण्याच्या प्रासादाच्या अंगणात उभे राहून सांगलीकराने हा इतिहास मित्रांना सांगितला, तेव्हा ब्राझीलच्या मुलीने विचारले, “मग दीडशे वर्षांत हे लोक काहीच शिकले नाहीत?” त्यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

दुपारचे जेवण सान लोरेंझोच्या जुन्या बाजारात झाले. लोखंड आणि काच यांची ही भव्य मंडई एकोणिसाव्या शतकातील आहे. तोस्काना प्रांताची पारंपरिक पोळीवजा जाड भाकरी मीठ न घालता भाजतात. पहिल्या घासाला ती विचित्र वाटते. टोमॅटो, ऑलिव्हचे तेल, पांढरा घेवडा आणि पालेभाज्या मुबलक मिळतात. पुण्याच्या मुलीला मात्र प्रत्येक पदार्थात कांदा-लसूण आहे का, सूप कशाच्या पाण्यात केले आहे, हे विचारावे लागले. चीज घेताना ते कशाने विरजले आहे याचीही चौकशी करावी लागते, कारण येथील पुष्कळशा पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण असते. दुकानदारांनी न कंटाळता उत्तरे दिली. नोव्हेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. तिने घरून आणलेले खाकरे अशा वेळी कामी आले.

दुपारी गट सांतिस्सिमा अन्नुन्झियाता चौकात गेला. येथे ब्रुनेलेस्कीनेच आराखडा केलेली दुसरी वास्तू आहे, ती म्हणजे निराधार अर्भकांचे आश्रयगृह, ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती’. त्याचा पाया एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रात आहे. जवळच्या प्रातो गावचा फ्रांचेस्को दातिनी हा कापडाचा मोठा व्यापारी. त्याच्या मागे सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या उरल्या. आपल्याकडे चोपड्याच्या पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहितात, तसे तो वहीच्या आरंभी देवाचे आणि नफ्याचे नाव एकत्र लिहीत असे. 1410 मध्ये तो वारला. त्याने आपली बहुतेक संपत्ती गरिबांसाठी ठेवली आणि टाकून दिलेल्या मुलांच्या आश्रयस्थानासाठी एक हजार फ्लोरिन वेगळे काढले. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने पुढाकार घेऊन 1419 मध्ये बांधकाम आरंभले. 5 फेब्रुवारी 1445 रोजी पहिले मूल येथे आले. ती मुलगी होती. तिचे नाव आगाता ठेवण्यात आले.

दर्शनी कमानींच्या वर निळ्या पार्श्वभूमीवर बाळोत्यात गुंडाळलेल्या शुभ्र बाळांची गोल शिल्पे आहेत. आतील संग्रहालयात लहान लहान खणांत काही वस्तू जपून ठेवल्या आहेत. अर्धे कापलेले पदक, मण्यांचा तुकडा, छोटा क्रूस. मूल सोडून जाणारी आई अशी खूण बाळाच्या अंगावर बांधून ठेवी आणि उरलेला अर्धा भाग स्वतःजवळ राखी. दिवस पालटले, तर त्या खुणेवरून मूल ओळखून परत नेता यावे ही आशा. खणांत जे अर्धे तुकडे आज दिसतात, त्यांचे दुसरे अर्धे कधी जुळले नाहीत. सकाळपासून छायाचित्रे काढीत असलेल्या मुलांनी येथे फोन खिशात ठेवले. मुले गुप्तपणे ठेवण्याची सोय 1875 मध्ये बंद झाली. बालकल्याणाचे काम मात्र आजही त्या वास्तूत चालू आहे.

सांता क्रोचे या चर्चमध्ये मायकेल अँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाध्या आहेत. त्या परिसरातील भिंतींवर डोक्याच्या पुष्कळ वर लहान पाट्या दिसतात. 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदीचे पाणी तेथवर चढले होते, याची ती नोंद आहे. माणसे दगावली, चित्रे चिखलात बुडाली, नदीलगतच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो पुस्तके भिजली. त्या वेळी देशोदेशींचे तरुण, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी, आपण होऊन शहरात आले. माणसांच्या साखळ्या करून त्यांनी तळघरांतून एकेक पुस्तक हातोहात बाहेर काढले. फ्लॉरेन्सने त्यांना ‘चिखलातले देवदूत’ असे नाव दिले. गटातील इटालियन मुलीचे आजोबा त्यांपैकी एक होते. त्या चिखलाला तेलाचा वास येत असे, एवढेच ते त्याविषयी घरी सांगत, असे ती म्हणाली.

संध्याकाळी पोन्ते वेक्कियो हा 1345 चा पूल पाहून झाला. पुलावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. 1593 मध्ये ती उठवून तेथे सोनारांना जागा देण्यात आली. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील बाकीचे पूल उडवले, हा तेवढा राखला.

रात्री वसतिगृहात रविवारच्या बेतावरून मतभेद झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतील सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात. म्हणून तर हीच तारीख निवडली होती. उफीझी हे जगातील श्रेष्ठ चित्रसंग्रहांपैकी एक. ‘उफीझी’ म्हणजे कचेऱ्या. सोळाव्या शतकात सरकारी कारभारासाठी बांधलेली ही इमारत. मेदिची घराण्याची अखेरची वारस आन्ना मारिया लुईसा हिने 1737 मध्ये करार करून घराण्याचा कलासंग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही अशी कायमची तरतूद केली, म्हणून ती चित्रे आज तेथे आहेत. परंतु कोल्हापूरच्या मुलीला कास्चीने उद्यानाच्या टोकाला जायचे होते. तेथे करवीरच्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे. दोन्ही ठिकाणे एका सकाळी होण्यासारखी नव्हती, कारण विनामूल्य दिवशी उफीझीची रांग फार लांब असते.

“अगं, हे महिन्यातून एकदाच फुकट असतं,” सांगलीकर म्हणाला. “छत्र्या काय, कोल्हापुरात कमी आहेत?”

“तिथं दिवा लावायला माणसं आहेत,” ती म्हणाली. “इथं कोण आहे?”

गटातील इटालियन मुलगा फ्लॉरेन्सजवळच वाढलेला. तो गोंधळून म्हणाला, “इंदियानो? तो तर पूल आहे. रोज सकाळी रेडिओवर तिथल्या वाहतूक कोंडीची बातमी असते.” त्या पुलाला आणि त्या परिसराला हे नाव एका भारतीय राजामुळे मिळाले, हे त्याने प्रथमच ऐकले. अखेर सात जण उफीझीकडे आणि पाच जण कास्चीनेकडे, असे ठरले.

कास्चीने हे नदीकाठाने सुमारे साडेतीन किलोमीटर पसरलेले उद्यान आहे. ट्रामने त्याच्या पूर्व टोकापर्यंत जाता येते; पुढे झाडांच्या सावलीतून सरळ चालत राहायचे. पश्चिम टोकाला, जेथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते तेथे, नक्षीदार खांबांची एक छत्री उभी आहे. तिच्याखाली फेटा व अलंकार ल्यालेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. हे शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम नव्हेत. हे कोल्हापूरच्या गादीवर 1866 मध्ये आलेले राजाराम महाराज. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले; परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. दहनाची प्रथा तेथे नव्हती, तरीही सोबतच्या मंडळींच्या विनंतीवरून नगरपालिकेने परवानगी दिली आणि दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये त्या जागी हे स्मारक उभे राहिले. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. महाराजांनी त्या प्रवासात इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी 1872 मध्ये प्रसिद्ध झाली. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

मुलीने कोल्हापूरला फोन लावून आजीला छत्री दाखवली. तेथे दुपारचे साडेतीन वाजले होते. आजींनी पडद्याकडे पाहत हात जोडले.

“किती वर्षांचं होतं गं पोरगं?”

“वीस.”

“तुझ्याहून तीन वर्षांनी लहान,” आजी म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “तू जेवलीस का?”

इटालियन मुलगा कठड्यापाशी उभा राहून लेख वाचीत होता. एका परक्या तरुणाच्या चितेसाठी आपल्या शहराने नियम बाजूला ठेवला, हे त्याला ठाऊक नव्हते. आता ते घरी सांगेन, असे तो म्हणाला. मागे नव्या पुलावरून गाड्या धावत होत्या.

कोल्हापूरच्या मुलीचे बोत्तिचेल्लीचे चित्र राहिले आणि सांगलीकराची छत्री राहिली. परतीच्या गाडीत दोघांनी एकमेकांची छायाचित्रे पाहिली. सांगलीकर बराच वेळ त्या रंगीत पुतळ्याकडे पाहत होता. मग त्याने वही काढून खर्चाचा ताळा जुळवला आणि उरलेले पैसे बारा जणांत सारखे वाटले.

ज्यांची मुले-नातवंडे युरोपात शिकत आहेत, त्यांनी त्यांना फ्लॉरेन्सला जरूर पाठवावे. घुमट, चित्रे आणि पूल कोणीही दाखवील. आश्रयगृहातील ते अर्धे तुकडे आणि संगमावरची छत्री यांसाठी मात्र अर्धा दिवस आठवणीने राखून ठेवण्यास सांगावे. दोन्ही ठिकाणी गर्दी नसते.