हरलेल्या पोराला विचारा

डिसेंबर जवळ आला की नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांत गॅदरिंगची गडबड उडते आणि क्रीडा संचालकांचे मला फोन सुरू होतात. ‘सर, पोरं ई-स्पोर्ट्स ठेवा म्हणून मागं लागलेत. कोणता गेम ठिवावा?’ मोबाइल गेमच्या स्पर्धा भरवायच्या, पंच म्हणून बसायचं, निकाल लावायचा आणि नंतरची भांडणं मिटवायची, हे माझं काम. तेव्हा हा प्रश्न माझ्याच दारात येणार. पण तो दिसतो तितका सोपा नाही. लुडोपासून बुद्धिबळापर्यंत आणि तीन पत्तीपासून पबजीपर्यंत जो तो स्वतःला ई-स्पोर्ट म्हणवून घेतो. यातल्या कुणाची खेळ म्हणून दखल घ्यायची आणि कुणाला ‘बाबा, तू करमणूक आहेस’ असं सांगून परत पाठवायचं?

पहिला युक्तिवाद डाउनलोडचा असतो. कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये आहे म्हणजे मोठाच असणार! २६ जानेवारी २०२१ ला ‘फौजी’ हा देशी गेम आला तेव्हा असंच झालं. पबजीवर बंदी येऊन पाच महिनेही झाले नव्हते, गलवानमधल्या भारत-चीन चकमकीचा विषय ताजा होता, पोरांनी तो धडाधड उतरवून घेतला. सुरुवातीला त्यात एकट्यानं खेळायची मोहीम तेवढी होती. समोर माणूसच नाही, तर जिंकायचं कुणाला?

दुसरा युक्तिवाद बक्षिसाचा. ‘डोटा २’ची ‘द इंटरनॅशनल’ ही स्पर्धा घ्या. २०२१ साली तिची बक्षिसाची थैली चार कोटी डॉलरांवर गेली होती. २०२३ साली ती जेमतेम एकतीस-बत्तीस लाख डॉलरांवर आली. खेळाडू तितकेच तयारीचे होते. आधी गेमची मालक कंपनी ‘बॅटल पास’ नावाचा गेममधला पास विकायची आणि त्या विक्रीचा चौथा हिस्सा बक्षिसात टाकायची. तो पास तिनं गुंडाळला, एवढंच. थैली फुगली ती विक्रीमुळे आणि आटली तीही विक्रीमुळेच. खेळाची उंची तिच्यावरून मोजायची तर दोन वर्षांत ‘डोटा’ बुटका झाला असं म्हणावं लागेल.

माझी कसोटी वेगळी आहे. मी हरलेल्याला विचारतो, का हरलास?

लुडोत हरलेला पोरगा सांगतो, ‘सहाच पडंना की सर.’ त्यापुढं त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं आणि उद्या वेगळं काय करशील, यालाही उत्तर नसतं. बुद्धिबळात हरलेला मागची चाल उघडून दाखवतो: इथं घोडा उचलायला नको होता. दोघांच्या हातात फोनच असतो, पण एकाच्या हरण्यात उद्याचा सराव दडलेला आहे. २०२५ मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळ पहिल्यांदा आलं आणि मॅग्नस कार्लसन जिंकला, तेव्हा ‘हे कसलं ई-स्पोर्ट’ म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मला त्यात वावगं वाटलं नाही.

अडचण होते ती बीजीएमआयची, म्हणजे पबजीच्या भारतीय आवृत्तीची. आमच्याकडं ऐंशी टक्के हट्ट याच गेमचा असतो (हा टक्का माझ्या कानांचा, सर्वेक्षणाचा नव्हे). यात हरलेले दोन्ही प्रकारची उत्तरं देतात. एक म्हणतो, ‘झोनच लई बेकार पडला.’ दुसरा म्हणतो, ‘मिलिटरी बेसच्या पुलावरून निघायला आम्हाला उशीर झाला, पलीकडून दोन स्क्वॉड दबा धरून बसल्याले.’ दोघंही खरं बोलतात. चौघाचौघांचे सोळा संघ, म्हणजे चौसष्ट जण नकाशावर उतरतात आणि सुरक्षित वर्तुळ, म्हणजे झोन, लहान होत जातं. ते कुठं आवळत जाणार हे कुणाच्या हातात नसतं. एखाद्या संघाच्या अंगणातच वर्तुळ पडलं तर तो घरात बसून पाचवा-सहावा येतो आणि चांगला संघ उघड्या माळावर मारला जातो.

म्हणून मोठ्या स्पर्धांत एका सामन्यावर निकाल लावत नाहीत. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सहा, मग पाच, चार, तीन, दोन, सातव्या-आठव्याला एकेक आणि दर बळीमागं एक. असे दिवसाला सहा सामने, तीन दिवसांचे अठरा. एवढ्या फेऱ्यांत वर्तुळाची मेहेरबानी एकाच संघावर राहत नाही. ज्याचा आयजीएल, म्हणजे मैदानात हुकूम सोडणारा खेळाडू, डोक्यानं चालतो तो वर येतो. आणि आमच्या गॅदरिंगमध्ये काय होतं? अर्धा तास रूमचा आयडी-पासवर्ड पोचवण्यात जातो, एकाचं नेट जातं, दुसऱ्याचा चार्जर सापडत नाही, तीन सामने कसेबसे उरकतात, कारण पाच वाजता प्रमुख पाहुणे बक्षीस द्यायला येऊन बसलेले असतात. तीन सामन्यांत मी सोडतीचा निकाल लावतो, अठरा सामन्यांत खेळाचा. गेम तोच असतो. त्यामुळे ‘बीजीएमआय ई-स्पोर्ट आहे का’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, किती सामने ठेवताय?

आता यात कायदाही आला आहे. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि ई-स्पोर्टची व्याख्या प्रथमच कायद्यात लिहिली गेली: निकाल केवळ कौशल्यावर ठरावा, प्रवेश फी आणि बक्षीस चालेल, पैज कुणाचीच चालणार नाही, राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याखाली मान्यता हवी, आणि बहुक्रीडा स्पर्धांत तो खेळला जात असावा. पैजेबद्दलची रेघ मला शंभर टक्के मान्य आहे. रमीच्या ॲपवाल्यांनी ‘कौशल्य, कौशल्य’ करत किती घरं बसवली, हे आमच्या भागात वेगळं सांगायला नको. पण ‘केवळ कौशल्य’ हे ॲपच्या आत सापडणार नाही, ते स्पर्धेच्या आखणीत शोधावं लागेल. आणि बहुक्रीडा स्पर्धांच्या अटीबद्दल माझं मत थोडं तिखट आहे.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते. गुजरातमधल्या भुजच्या तीर्थ मेहतानं ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य मिळवलं. पुढच्या, २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या स्पर्धेत खरी पदकं ठेवली, आधीच्या यादीत ‘हार्थस्टोन’ होता आणि नंतर तो गळला. ‘हार्थस्टोन’ची मालक ब्लिझार्ड आणि नेटईज या दोन कंपन्यांचा चीनमधला करार संपला, तिथले सर्व्हर बंद झाले. उरले सात गेम. त्यातल्या पबजी मोबाइलची तर खास आवृत्ती बनवली: माणसांवर गोळ्या न झाडता नेम लावायला लक्ष्यं मांडलेली, शर्यतीसारखी. आशियाई यादी हाच निकष धरला तर गेमची पात्रता वकिलांच्या टेबलावर ठरते.

खरं दुखणं हेच आहे. कबड्डीचा कुणी मालक नाही. या प्रत्येक गेमला मालक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ब्लिझार्डनं एक निवेदन काढलं आणि ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ची व्यावसायिक स्पर्धा बंद झाली; त्यावर पोट असणारे खेळाडू, समालोचक एका रात्रीत रिकामे. उलट ‘स्मॅश ब्रदर्स मेली’ हा निन्टेंडोचा २००१ चा गेम. कंपनीनं कधी मनापासून हात दिला नाही. २०१३ साली ‘इव्हो’ या लढतीच्या गेमांच्या स्पर्धेत जागा मिळावी म्हणून चाहत्यांनी कर्करोग संशोधनाच्या निधीला चौऱ्याण्णव हजार डॉलर जमवून ती जागा जिंकली. तरी कंपनीनं प्रक्षेपण रोखायला पाहिलं, ओरड झाली तेव्हा माघार घेतली. त्या गेमच्या स्पर्धा आजही होतात. मालकानं पाठ फिरवली तरी खेळणारे उठून जात नाहीत, हे माझ्या लेखी बक्षिसाच्या थैलीपेक्षा वजनदार लक्षण आहे.

आपल्याकडं ही परीक्षा २०२२ मध्ये झाली. जून-जुलैत बीजीएमआयची स्पर्धा स्टार स्पोर्ट्स २ वर दिसली. आईबाप बघतात त्या टीव्हीवर पोरांचा गेम आला, केवढं अप्रूप! १७ जुलैला अंतिम सामना झाला आणि २८ जुलैला सरकारनं गेमच अडवला. मे २०२३ पर्यंत तो परतला नाही. या काळात ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता त्यांचा चालत राहिला, आणि लातूरच्या वसतिगृहांत रात्रीच्या स्क्रिम्स, म्हणजे सराव सामने, सुरू राहिल्या. बक्षीस नाही, प्रायोजक नाही, संघांची स्लॉट लिस्ट मात्र रोज नव्यानं निघायची. माझ्यापुरता बीजीएमआयचा निकाल तिथंच लागला.

फ्री फायर या तशाच दुसऱ्या गेमची गोष्ट निराळी आहे आणि तिच्यात थोडा वर्गभेदही आहे. पुण्या-मुंबईचे संयोजक त्याला पोरखेळ समजतात. त्यांच्या लेखी खरा ई-स्पोर्ट म्हणजे ‘व्हॅलोरंट’, ज्याला चांगला संगणक लागतो. लातूर पॅटर्नच्या क्लासला आलेल्या मुलाचं बघा. फोन आठवडाभर रेक्टरच्या कपाटात, रविवारी दोन तास हातात. फोनही बापानं वापरून दिलेला, दोन-तीन जीबी रॅमचा. बीजीएमआयचा एक सामना अर्धा तास खातो आणि हा फोन तापून बसतो. फ्री फायरचा पन्नास जणांचा सामना दहा मिनिटांत संपतो आणि तो त्या फोनवर चालतो. २०२१ च्या सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत एका वेळी चोपन्न लाख प्रेक्षक त्याला जोडलेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर बंदी आली, तेव्हापासून पोरं ‘मॅक्स’ आवृत्ती खेळतात. ‘सर, आम्ही रोज खेळायलोत, तुमच्या यादीत का नाही?’ असं औसा रस्त्यावरच्या एका पोरानं विचारलं तेव्हापासून तो माझ्या यादीत आहे. हरलेला पोरगा कारण सांगू शकतो. स्वस्त फोनचा खेळ म्हणून त्याला खालच्या पाटावर बसवणं मला जमत नाही.

राहता राहिली नोंद. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या हिंगोलीत रुळाजवळ पबजी खेळणारे दोन तरुण रेल्वेखाली आले, ती बातमी देशभर गेली. जायलाच हवी होती. पण त्यानंतर या जिल्ह्यांत एवढ्या स्पर्धा झाल्या, त्यांचे निकाल कुठल्या कागदावर आहेत? माळेगावच्या यात्रेतली कुस्ती कुणी मारली ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं आणि पैलवान ते कात्रण वीस वर्षं जपतो. आमचा पॉइंट टेबल इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर चोवीस तास राहतो. कोणता खेळ दखल घेण्याजोगा हे बाहेरचा माणूस कागद बघून ठरवतो, आणि आमच्याकडं कागदच नाही.

म्हणून यंदा क्रीडा संचालकांना माझ्या अटी सरळ सांगितल्या आहेत. बीजीएमआय ठेवा, फ्री फायर मॅक्स ठेवा, बुद्धिबळ ठेवा, कॉलेजात कन्सोल असेल तर ‘टेकन’ ठेवा. लुडो ठेवायचा तर आनंदमेळाव्यात. बीजीएमआयचे सामने सहाच्या खाली नकोत, पाहुण्यांना सातची वेळ द्या. आणि पूर्ण गुणतक्ता, शेवटच्या संघासकट, कॉलेजच्या वार्षिकात छापा आणि पेपरला पाठवा. एका उपसंपादकांना मी आत्ताच विचारून ठेवलंय. बातमी घेतो म्हणाले, फक्त फोटोत पोरांच्या हातात मोबाइल दिसायला नको, पालकांचे फोन येतात.