कैवारी बोलेनासा झाला तर



योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात पवित्र आत्म्याला 'कैवारी' म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, मदतीसाठी जवळ बोलावलेला. वकिलालाही आपण त्यासाठीच बोलावतो.

उधन्यातील आपल्या एका भगिनीचे पती रस्त्यावरच्या अपघातात गेले. भरपाईचा दावा सुरतच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात आहे; पण वकील फोन उचलत नाहीत, पुढची तारीख सांगत नाहीत. "मास्तर, वकील बदलला तर पाप लागेल का? अडचणीत त्यांनीच केस घेतली होती," त्यांनी विचारले.

पाप नाही. उपकाराची जाण ठेवावी, पण त्यापायी लेकरांचा हक्क बुडू देऊ नये. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा तर खुद्द न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही.

आधी भेटून विचारा, मग लेखी विचारा. तरीही उत्तर नसेल तर त्यांची ना-हरकत घेऊन नव्या वकिलाचे वकीलपत्र दाखल करा. ते देत नसतील तर न्यायालयाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून वकिलाला कागद अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

देणे असेल ते चुकते करा. निंदा करू नका. आणि मंडळी, पुढच्या तारखेला आपल्यापैकी कोणीतरी या भगिनीसोबत कोर्टात जाऊन बसू या. प्रभू तिचा कैवार घेवो. आमेन.