मैत्रिणीकडे जाऊन येते

आमच्या समाजात परदेश प्रवासाची कारणे ठरलेली आहेत. हज किंवा उमरा, नाही तर नोकरी. सौदीला, कुवेतला माणूस गेला तर मोहल्ल्यात कोणी 'का?' विचारीत नाही. पण एखादी मुलगी 'परदेशी मैत्रिणीकडे जाऊन येते' म्हणाली, की घरापासून जिन्यापर्यंत चर्चा सुरू होते. परळला राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या बाबतीत २०२५ साली हेच झाले.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ही मुलगी आमच्याकडे दहावी झाली, पुढे बी.ए. करून बी.एड.ला गेली. अब्बा लालबागला शिलाईकाम करतात. तिच्या वर्गातली एक मैत्रीण नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीत मानहाइमला असते. तिने बोलावले, 'राहा माझ्या खोलीवर, रांधू दोघी मिळून. तू तिकिटाचे तेवढे बघ.' दीड वर्ष शिकवण्या घेऊन मुलीने तिकिटाचे पैसे उभे केले. सवाल दहा दिवसांचाच होता.

एक दिवस तिचे अब्बा शाळेत आले. "सर, लडकी अकेली जायेगी, लोक काय म्हणतील?" त्यांची अडचण पैशाची नव्हती. आम्ही उपदेश केला नाही, अतिया फैजी यांची हकीकत सांगितली.

अतिया यांचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलचा. घराणे मुंबईच्या तय्यबजींच्या गोतावळ्यातले. १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या मरिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. शिकायचे होते शिकवण्याचे शास्त्र, म्हणजे आपण आज ज्याला बी.एड. म्हणतो त्याच जातीचे. १९०७ च्या एप्रिलमध्ये लंडनला त्यांची इक्बाल यांच्याशी ओळख झाली. इक्बाल तेव्हा विद्यार्थीच होते. म्युनिकच्या पीएच.डी.साठी जर्मन भाषा पक्की करायला ते त्या उन्हाळ्यात हायडलबर्गला राहिले, आणि ऑगस्टमध्ये अतिया आपले भाऊ व इतर मंडळींबरोबर तिथे जाऊन आल्या. सव्वाशे वर्षेही झाली नाहीत, मुंबईची एक मुस्लिम विद्यार्थिनी सुट्टीत ओळखीच्यांना भेटायला जर्मनीला गेली होती.

अब्बांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "वो बडे घर की थी." बरोबर आहे. अतियांची बहीण नाझली जंजिऱ्याची बेगम होती. आमच्या मुलीची बहीण मालेगावला यंत्रमागवाल्याच्या घरी दिली आहे. हा फरक आम्ही पुसायला गेलो नाही. पण अतिया यांनी एक गोष्ट केली तिला श्रीमंती लागत नाही. तब्येतीमुळे शिक्षण अर्धवट टाकून त्या परतल्या, पदवी मिळाली नाही; मात्र विलायतेत पाहिलेले त्या उर्दूत लिहीत राहिल्या. ती रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापली गेली आणि १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने तिचे पुस्तक झाले. ज्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता अशा बायकांनी घरात बसून लंडन पाहिले. आम्ही अब्बांना म्हटले, "हिलाही वही लिहायला सांगा." ते हसले. होकार मात्र आठवड्याने आला, तोही अम्मीच्या तोंडून.

पुढची लढाई कागदांची. उर्दूत एकाच तऱ्हेने लिहिले जाणारे नाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले होते, शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. आपल्या मुलामुलींचे हे नेहमीचेच दुखणे. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या राजपत्रात नाव छापून आले तेव्हा कुठे पासपोर्ट झाला. मग व्हिसा. त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे. शिवाय किमान ३०,००० युरोचा विमा, बँकेचा हिशेब, मैत्रिणीचे पत्र. अब्बांनी एका ईदचे कपडे शिवून मिळालेली रक्कम तिच्या खात्यात टाकली.

बॅग दादरला घेतली, मसाला लालबागहून. तिकडच्या मैत्रिणीची फर्माईश तेवढीच होती. मानहाइमला जमिनीवर गादी टाकून दोघी झोपल्या. मैत्रिणीची ड्यूटी असेल तेव्हा ही एकटी फिरली. जर्मनीत तेव्हा ५८ युरोचे मासिक तिकीट मिळे; साध्या गाड्यांना चाले, वेगवान गाड्यांना नाही. आपल्या लोकलच्या पाससारखे. मानहाइममध्ये तुर्कांची मोठी वस्ती असल्याने हलाल जेवणाची चिंता नव्हती. १९९५ मध्ये उघडलेली तिथली मोठी मशीद चर्चच्या समोरच आहे. आपल्या मुंबईत हे नवल नाही, पण तिला त्यामुळे घरच्यासारखे वाटले.

एक दिवस ती हायडलबर्गला गेली. नेकर नदीच्या काठाला तिथे इक्बालांचे नाव दिले आहे. 'एक शाम' ही त्यांची नज्म याच काठावरची. आम्ही ती शाळेत वाचून दाखवली होती. त्या काठावरून तिने आम्हाला फोन केला नाही, फोटोही पाठवला नाही. बाकावर बसून तिने वहीत लिहिले. ती वही आम्ही नंतर पाहिली. पुढच्या पानांवर खर्च, पाव किती, दूध किती. मागच्या पानांवर उर्दूत मजकूर.

परतल्यावर तिने ती पाने नववीच्या मुलींना वाचून दाखवली. एकीने विचारले, "रात्री ट्रेनमध्ये भीती वाटली?" दुसरीने विचारले, "अम्मीने सोडले कसे?" या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग एकदम शांत झाला. उत्तरात तिने राजपत्रापासून मसाल्यापर्यंत सगळे क्रमाने सांगितले. मुली लिहून घेत होत्या.

आमच्या शाळेची मुक्कामाची सहल मुरूड-जंजिऱ्याला जाते. मागच्या वर्षी बसच्या दोन बाकांवर मावतील इतक्याच मुलींना घरून परवानगी मिळाली होती. यंदा मुलींसाठी वेगळी बस सांगावी लागली. काही पालकांना समजावण्याचे काम लालबागच्या त्या अब्बांनी केले. वहीची झेरॉक्स त्यांनी स्वतःच्या पैशाने काढून आणली आहे, आणि मूळ प्रत परत मिळावी म्हणून ते दोनदा शाळेत येऊन गेले.