बेरीज आणि भागाकार

मे 2025. भारत जगातली चौथी अर्थव्यवस्था झाल्याचे नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी जाहीर केले. जपान मागे पडला म्हणे. 2022 मध्ये ब्रिटनची पाळी होती. हा सगळा हिशोब डॉलरमधला. रुपया घसरला तर शेतातले एक बोंडही कमी न होता देशाचा नंबर खाली येऊ शकतो. शिवाय बेरजेत जपान मागे पडला असे धरले, तरी भागाकार केला की त्यांचे माणशी उत्पन्न आपल्या दहापटीहून जास्त.

आमचे लोणखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याला खेटून. ऊस, केळी, पपई, कापूस. या पट्ट्याला लोक सुखवस्तू म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण जिल्ह्याचा भागाकार वेगळाच निघतो. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत 2015-16 साली नंदुरबारचे 52 टक्के लोक गरीब होते, 2019-21 मध्ये 33 टक्के. घट मोठी, नाकारण्यात अर्थ नाही. तरी तेव्हाही तिघांत एक.

(देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच तालुक्यात, टेंभलीला दिले. मोजून घेण्यात आम्ही पहिले.)

2020 ची एप्रिल ते जून, टाळेबंदीची तिमाही: देशाचे उत्पन्न जवळजवळ 24 टक्के घटले. शेती मात्र वाढली, तीनेक टक्क्यांनी. तेव्हा वर्तमानपत्रांनी शेतकऱ्याची पाठ थोपटली. ही वाढ स्थिर किमतींनी मोजतात. म्हणजे माल किती पिकला ते दिसते. तो काय भावाने गेला ते दिसत नाही. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत देशाच्या 20 टक्के वाढीचा गाजावाजा झाला. शंभराचे शहात्तर झाले, त्यावर 20 टक्के म्हणजे एक्याण्णव. शंभर अजून लांबच.

कापूस. 2022 च्या उन्हाळ्यात क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, नंतर सातच्या आसपास येऊन बसला. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयात शुल्क लावले, तर आपल्या सरकारने गिरण्यांना आधार म्हणून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. नेमके वेचणीच्या तोंडावर. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, पण तो भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर, तेही ओलावा नियमात बसला तर. खेडा खरेदीचा व्यापारी ओलावा मुठीत दाबूनच ठरवतो.

दिवाळी झाली की सातपुड्यातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते, ती कोयत्याने फेडायची. राज्याचे उत्पन्न मोजण्याची रीत अशी की माल जिथे तयार झाला तिथेच तो धरायचा. म्हणून सातपुड्यातल्या धडगावच्या जोडप्याने बारडोलीकडे तोडलेला ऊस गुजरातच्या वाढीत जातो. उन्हाळ्यात ती माणसे परत येतात, आणि डोकी मोजताना नंदुरबारच्या भागाकारात पुन्हा खाली लिहिली जातात.